मोट, मदबसा आणि आपली तुबली

तुबली म्हटलं की बहरीनमधल्या मराठी माणसाला काय आठवतं? गॅरेजं, वर्कशॉप्स, कामगारांच्या वसाहती, रेतीचे ट्रक आणि वारा उलटा फिरला की गाडीच्या काचा वर करायला लावणारा तो सुप्रसिद्ध वास! "तुबलीत राहतो" असं सांगितलं की समोरचा माणूस "अरे वा" म्हणायच्या ऐवजी "तिथे भाडं कमी असेल ना?" असं विचारतो. गेली अनेक वर्षं मी या गावात राहतो आणि हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर पाठ आहे.

पण मंडळी, ही तुबली फार तर चाळीस-पन्नास वर्षांची. त्याआधीची तुबली म्हणजे खजुरीच्या बागा, गोड्या पाण्याचे झरे आणि खाडीतली मासेमारी. गल्लीबोळातून गाडी नेताना एखाद्या कंपाऊंडच्या आडून चार-दोन उंच खजुरी डोकावतात. बुंधे वाळलेले, शेंडे कुणी न छाटलेले. त्या बागेची उरलेली माणसं आहेत ती. या लेखात मला त्या बागांबद्दल, आणि त्याहीपेक्षा बागेत जे बांधकाम असायचं त्याबद्दल लिहायचं आहे. विहीर, धाव, पाट, झोपडी, कोठी, खजुराचा रस काढायची खोली. राजवाडे आणि किल्ले सगळेच बघायला जातात. शेतावरच्या इमारतींकडे कोण बघतं? आणि खरं सांगायचं तर गाव कसं जगलं हे त्याच इमारती सांगतात.

पाणी कुठून यायचं?

बहरीनमध्ये वर्षाचा पाऊस जेमतेम ७०-८० मिलिमीटर. आपल्याकडे महाबळेश्वरला एवढा पाऊस जुलैतल्या एका दिवसात पडून जातो. तरीही हे बेट हजारो वर्षं हिरवं होतं. कारण पाणी वरून नाही, खालून यायचं. अरबस्तानच्या मुख्य भूमीखालून वाहत येणारं भूजल इथल्या उत्तर भागात झऱ्यांच्या रूपाने वर येत असे. जमिनीवर तर झरे होतेच, पण समुद्राच्या तळाशीसुद्धा गोड्या पाण्याचे झरे होते. मोती काढणारे पाणबुडे खाली जाऊन कातडी पिशव्यांत ते पाणी भरून आणत. दोन हजार वर्षांपूर्वीच्याही आधी थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने 'टायलॉस' म्हणजे या बेटावरच्या झाडांचं आणि इथल्या कापसाचं वर्णन करून ठेवलं आहे. बारबारचं चार हजार वर्षांपूर्वीचं देऊळसुद्धा झऱ्यालगतच बांधलेलं आहे. उतरत्या पायऱ्या आणि तळाशी पाणी. मला ते पहिल्यांदा पाहताना आपल्याकडच्या बारवेची आठवण झाली.

तुबलीच्या उत्तरेला, अगदी जवळच, ऐन अधारी हा बहरीनचा सगळ्यात प्रसिद्ध झरा. आज तिथे मुलांचा पार्क आहे, पाळणे आहेत, आपल्यापैकी बहुतेकांनी मुलांचे वाढदिवस तिथे केले असतील. पण या झऱ्यावरून एक म्हण इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडी आहे, की अधारी लांबच्याला पाणी पाजते आणि जवळच्याला कोरडं ठेवते. घरच्यांना सोडून परक्याचं भलं करणाऱ्याला उद्देशून ही म्हण वापरतात. पण तिच्यामागे साधं शेतीचं कारण आहे. झऱ्यालगतची जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा उंच होती, त्यामुळे पाणी पाटाने उताराकडे, दूरच्या बागांना जायचं. जवळच्याला पाणी हवं तर ते उपसावं लागायचं. (परदेशात राहून गावाकडे पैसे पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही म्हण लागू होते की उलटी लागू होते, यावर एकदा मंडळात परिसंवाद ठेवायला हरकत नाही!)

हे पाणी काही ठिकाणी उघड्या पाटाने, तर काही ठिकाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नेत. ठरावीक अंतरावर वरून उभी भोकं पाडून खाली उतरायची सोय केलेली असायची, म्हणजे गाळ काढता येई. इराणातल्या कनातींचाच हा प्रकार. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर-ए-अंबरी खोदली ती याच जातीची. बुऱ्हाणपूरची १६१५ सालची कुंडी भंडाराही तशीच. मराठवाड्यातल्या माणसाला अधारीचं पाणी कसं वाहत होतं हे समजवायला दोन मिनिटं पुरतात.

बैलाचा उतार

आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक बहरीनी गृहस्थ आहेत. आम्ही सगळे त्यांना 'हाजी' म्हणतो. त्यांचं बालपण या भागातल्या एका बागेत गेलं. हिंदी सिनेमे बघून बघून त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे. एकदा चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं, "भाई, तुमच्याकडे विहिरीतलं पाणी कसं काढायचे?" मी मोटेचं सांगायला लागलो. कातड्याची मोट, जाड नाडा, बैलजोडी. मी एवढं सांगितल्यावर ते मध्येच म्हणाले, "बैल चढावर चालायचा की उतारावर?" मी म्हटलं, "उतारावर." तसे ते टेबलावर हात आपटून हसले. "मग तुमचं आमचं एकच!"

बहरीनमध्ये या सगळ्या मांडणीला 'झाजरा' म्हणतात. विहिरीच्या काठावर खजुरीच्या खोडांची चौकट, वर लाकडी चाक, चाकावरून दोर, दोराला कातडी पिशवी. दुसऱ्या टोकाला बैल किंवा गाढव. विहिरीपासून दूर जाणारी वाट मुद्दाम उतरती खणलेली. भरलेली मोट वर खेचताना जनावराला स्वतःच्या वजनाची मदत व्हावी आणि परत मागे येताना ओझं नसावं, म्हणून हा उतार. आपल्याकडे याला 'धाव' म्हणतात. वर आलेलं पाणी जिथे ओततं ते 'थारोळं', तिथून पाट, पाटातून वाफे. मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. मोट वर आली की सोंदूर ओढल्यासारखा होऊन सोंड थारोळ्यात पडते आणि पाणी आपोआप रिकामं होतं. माणसाला हात लावावा लागत नाही. एवढं साधं आणि एवढं हुशारीचं यंत्र हजार मैलांच्या अंतरावर, समुद्राच्या दोन्ही बाजूंना सारखंच असावं, याचं मला फार नवल वाटलं.

जिथे पाणी फार खोल नसे तिथे 'गर्राफ' असायचा. एका उभ्या खांबावर आडवा वासा, एका टोकाला बादली आणि दुसऱ्या टोकाला दगडमातीचं वजन. कोकणातली मंडळी लगेच ओळखतील, की ही तर आपली 'लाट'! वाडीतल्या माडा-पोफळींना शिंपणं करायला वापरतात तीच.

पाण्याची पाळीसुद्धा ठरलेली. एका झऱ्याच्या पाटावर अनेक बागा, तेव्हा कुणी किती वेळ दार उघडायचं याचे नियम होते. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर जी फड पद्धत होती, तिथेही पाळी सांभाळायची रीत अशीच पक्की. पाणी थोडं असलं की माणसं नियम फार काटेकोर करतात. आणि ते मोडले की भांडणंही तितकीच मोठी होतात, हे बांधावरून भाऊबंदकी पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

बागेतलं घर

खजुरीची बाग म्हणजे नुसत्या खजुरी नव्हेत. सगळ्यात वर खजुरीची छत्री. तिच्या सावलीत लिंबू, डाळिंब, केळी, क्वचित आंबा. आणि जमिनीवर जनावरांसाठी लसूणघास, ज्याला इथे 'जत' म्हणतात. नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल आणि मध्ये केळ अशी जी कोकणातली वाडी, तिचीच ही वाळवंटी बहीण. उन्हाचा एकेक थर वरच्या झाडाने झेलायचा आणि खालच्याला जगवायचं.

बागेभोवती भिंत. दगड समुद्रातले. आखाताच्या उथळ तळातून निघणाऱ्या प्रवाळ-दगडाच्या लाद्या आणि जिप्समचा गिलावा. आत राहायला खजुरीच्या फांद्यांची झोपडी. तिला 'अरीश' किंवा 'बरस्ती' म्हणतात. फांद्या उभ्या बांधायच्या, मध्ये फटी ठेवायच्या, म्हणजे वारा आरपार जातो. झापांचं खोपटं पाहिलेल्या माणसाला याची कल्पना लगेच येईल. मनामा आणि मुहर्रकमधली कुटुंबं उन्हाळ्यात शहर सोडून या बागांमध्ये राहायला येत. एसी नव्हते तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये जिवंत राहायचा तो उपाय होता. आपल्या लहानपणी मे महिन्यात मामाच्या गावाला जायचो ना, तसंच, फक्त कारण जास्त निकडीचं.

पैसेवाल्यांची घरं पक्की असत. जसरा गावातलं १९०७ साली बांधलेलं 'जसरा हाउस' आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. शेख ईसा बिन सलमान यांचा जन्म या घरातला. प्रवाळ-दगड, जिप्सम, खजुरीची खोडं, अशा जवळपासच्या मालातून उभं केलेलं हे खेड्यातलं घर आता जपून ठेवलेलं आहे. एकदा गेलात तर नुसत्या खोल्या बघून परत येऊ नका. मान वर करून छत बघा. अशा जुन्या घरांच्या छतात पूर्व आफ्रिकेतून आलेले खारफुटीचे वासे, त्यावर बांबूच्या पट्ट्या, त्यावर चटई आणि मग माती असा क्रम असतो. इथे बांबू उगवत नाही. तो आपल्या देशाच्या किनाऱ्यावरून गलबतांत भरून यायचा, दारांचं सागवानही तिकडूनच. म्हणजे आपण नोकरीसाठी इथे यायच्या किती तरी आधी आपला बांबू या घरांच्या डोक्यावर येऊन बसलेला होता!

काळोखी खोली

आता लेखाच्या शीर्षकातल्या मदबशाकडे येतो. बागेतल्या सगळ्या बांधकामांत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

खजुराच्या काकवीला अरबीत 'दिब्स' म्हणतात. जिथे दिब्स काढतात तो 'मदबसा'. ही एक छोटी, कोंदट, जवळपास बिनखिडकीची खोली. तिच्या फरशीला गिलावा करून शेजारी शेजारी उंचवटे आणि त्यामध्ये पन्हळी काढलेल्या. एखादा मोठा पत्रा घडी घालून जमिनीवर अंथरावा तशा. फरशीला थोडा उतार. सगळ्या पन्हळी एका टोकाला एकत्र येतात आणि तिथे जमिनीत रांजण पुरलेला असतो. पिकलेला खजूर झापांनी विणलेल्या पिशव्यांमध्ये ठासून भरायचा आणि त्या पिशव्या या उंचवट्यांवर थरावर थर रचायच्या. दार बंद. बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, आत त्याहून जास्त उकाडा. खालच्या पिशव्यांवर वरच्यांचं ओझं. काही दिवसांत खजुरातून रस पाझरायला लागतो, पन्हळीतून वाहत वाहत रांजणात जमा होतो. ना चूल, ना चरक, ना बैल. नुसता उन्हाळा आणि वजन. आपल्या गुऱ्हाळात रात्रंदिवस चुलाण पेटतं ठेवावं लागतं. इथे ते काम सूर्य करतो!

कलात अल बहरीनच्या टेकडीवर १९५० च्या दशकात डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम सुरू केलं. पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी ही त्यातली मोठी नावं. पुढे फ्रेंच पथकानेही तिथे काम केलं. या टेकडीवर एका जुन्या राजवाड्यात मदबसा सापडला, तो इ.स.पूर्व पंधराव्या शतकाच्या सुमाराचा. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, जगात माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या मदबशांपैकी एक. त्याच टेकडीवर पुढच्या इस्लामी काळातलेही मदबसे मिळाले. राजे बदलले, भाषा बदलल्या, धर्म बदलले, पण फरशीतल्या पन्हळींचा नमुना ओळखू येण्याइतका तोच राहिला. राजवाड्यातसुद्धा दरबाराइतकीच कोठीघराची काळजी घेतलेली असते, हे तिथे उभं राहिलं की कळतं. इस्टेट कुणाचीही असो, ती चालते कोठीघरावर.

आणि हो, खजुराचा आणि आपला संबंध फक्त रमजानमधल्या डब्यांपुरता नाही. आपल्या लग्नाच्या ओटीत खारीक, बदाम, हळकुंड, सुपारी असते. आता खारीक महाराष्ट्रात पिकत नाही, तरी ती ओटीत कशी आली? अर्धवट पिकलेला खजूर मोठ्या कढयांमध्ये उकळून उन्हात वाळवायचा, की तो वर्षभर टिकतो. ओमानमधून असा माल पिढ्यान्‌पिढ्या मुंबई बंदरात उतरत आला. बहरीनमध्येही असा उकळलेला खजूर करत, त्याला 'सलूक' म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या ओट्या भरल्या, त्यातल्या खारका आखाताकडच्या कुठल्या तरी बागेतूनच आलेल्या असणार. तेव्हा हा मुलूख आपल्या घरात आपल्या आधीपासून आहे.

बाग कुणाची, घाम कुणाचा

बागांची मालकी बहुतेक राजघराण्याकडे, व्यापाऱ्यांकडे नाहीतर मशिदी आणि मातमांना दान दिलेल्या वक्फ जमिनींकडे. आपल्या देवस्थान इनामांसारखंच. कसणारे मात्र खेड्यातले बहारना शेतकरी. ते बाग खंडाने घेत. खंड द्यायचा, पाणी सांभाळायचं, झाडावर चढून परागण करायचं, घड उतरवायचे. खजुरीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. प्रत्येक मादी झाडावर चढून नर फुलोरा हाताने बांधावा लागतो, नाहीतर फळ नीट धरत नाही. कंबरेला झापांचा पट्टा अडकवून वीस-पंचवीस फूट चढायचं, तेही एका हंगामात अनेकदा. १९२० च्या दशकात जमिनींची मोजणी आणि नोंदणी झाली, तेव्हा कुणाची बाग कुठे संपते हे पहिल्यांदा कागदावर आलं. खंड, मजुरी, सगळे व्यवहार तेव्हा रुपयांत. हो, आपल्याच रुपयात! भारताचा रुपया, मग १९५९ पासून खास आखातासाठी छापलेला रुपया, आणि १९६५ मध्ये बहरीनचा दिनार आला. हाजी अजूनही जुन्या पिढीच्या सवयीने शंभर फिल्सला 'रुपया' म्हणतात.

मोत्यांबद्दल सगळं जग बोलतं. मुहर्रकच्या मोतीवाटेला २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि ते योग्यच झालं. पण महिनोन्‌महिने बोटीवर राहणारे पाणबुडे खात काय होते? भात, मासे आणि खजूर. मोत्याच्या मागे खजूर उभा होता. त्याचं नाव कुणी घेत नाही इतकंच.

पाणी गेलं आणि मग सगळंच

१९२५ च्या सुमारास मेजर फ्रँक होम्स या न्यूझीलंडच्या माणसाने बहरीनमध्ये पाण्यासाठी खोल विहिरी खणून दाखवल्या. पाणी उसळून वर आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला तेल शोधायचा परवाना मिळाला आणि १९३२ मध्ये जबल दुखानला तेल लागलं. म्हणजे आज आपण सगळे ज्यामुळे इथे आहोत त्या तेलाची गोष्टसुद्धा पाण्याच्या विहिरीपासून सुरू होते.

पण ही खोल विहीरच पुढे झऱ्यांच्या मुळावर आली. बोअर वाढले, इंजिनं आणि पंप आले. बैल परवडेना, झाजरा मोडून पडला. पंप एका दिवसात बैलाच्या आठवड्याचं पाणी काढतो, तेव्हा शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? आपल्याकडेही हेच झालं. भूजलाची पातळी खाली गेली, समुद्राचं खारं पाणी आत शिरलं, झरे एकामागून एक आटले. अधारीसुद्धा आटली. जवळच्यालाही नाही आणि लांबच्यालाही नाही. सित्र्याला १९७० च्या दशकात समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना उभा राहिला आणि पिण्याच्या पाण्याची सोय झाली, पण बागा त्या पाण्यावर चालणाऱ्या नव्हत्या. खजूर बराच खारेपणा सोसते, लिंबू-डाळिंब सोसत नाही. आधी खालचे थर गेले, मग मजूर तेल कंपनीत गेले, मग जमिनीचे प्लॉट पडले.

तुबलीच्या खाडीचंही तेच. एकेकाळी सुमारे २५ चौरस किलोमीटरची ही खाडी भराव घालून घालून निम्म्याच्या आसपास आली. तिच्या काठाला, रास सनदकडे, बहरीनमधलं उरलंसुरलं तिवराचं जंगल आहे. १९९५ मध्ये खाडीला कायद्याने संरक्षण मिळालं आणि १९९७ मध्ये तिचं नाव रामसर यादीत आलं. थंडीत फ्लेमिंगो येतात, अगदी ठाण्याच्या खाडीत येतात तसे.

आणि तो वास? तुबलीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र १९८२ पासून चालू आहे. आपण नाक मुरडतो, पण तिथे शुद्ध केलेलं पाणी नळांनी बहरीनमधल्या शेतांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना जातं. झरे आटलेल्या बेटावर आज जी काही शेती हिरवी आहे, त्यातल्या बऱ्याच शेतीला हे पाणी मिळतं. म्हणजे तुबली अजूनही लांबच्याला पाणी पाजतेच आहे. हे समजल्यापासून मी गाडीची काच जरा कमी रागाने वर करतो.

जपायचं काय?

कलात अल बहरीनला २००५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा भोवतालच्या खजुरीच्या राईंचाही विचार झाला, ही फार चांगली गोष्ट. पण साधी बाग, साधा झाजरा, साधी बरस्ती कुणी जपली नाही. झाप चार-पाच वर्षांत कुजतं, धाव एका जेसीबीत सपाट होते. स्कॉटलंडमध्ये जुन्या इस्टेटींवरचे गोठे, धान्याची कोठारं, कबुतरखाने हेसुद्धा सरकारी वारसा यादीत घालतात. मालकाला वाटलं म्हणून पाडता येत नाहीत. आमच्या इथल्या एका स्कॉटिश साहेबाला याचं काही विशेष वाटत नव्हतं. "गोठाही इमारतच आहे की," इतकंच तो म्हणाला.

आपल्याकडे काय आहे? साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६ म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. नाव बारा मोटांचं, पण मोटा बसवायला जागा पंधरा! आमराईला पाणी द्यायला बांधलेली ही विहीर, आणि तिच्यावर चक्क छोटा महाल. राजघराण्याने शेतावरची इमारत किती मनापासून बांधावी याचा तो नमुना आहे. लोक ती बघायला जातात, म्हणून ती टिकेल. पण सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीत खोल खणलेली, वर चिंचोळं तोंड, आत वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली किती तरी पाण्याखाली जाऊन निकामी झाली, आणि त्यानंतर साठवणूक गोदामांत आणि शीतगृहांत गेली. पेवात उतरण्याआधी आत जीव गुदमरणार नाही ना हे कंदील सोडून बघायची रीत, ते तोंड बंद करायची पद्धत, हे सगळं माहीत असलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत.

यंदा हा विषय आमच्या घरातही आला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी वाटणीत एक जुनी मोटेची विहीर सामाईक राहिली आहे. चुलतभावाचा फोन आला, "दादा, रस्त्याकडेची जागा आहे. विहीर बुजवली तर दोन गाळे निघतात. पाणी तसंही नाही आता तिला." त्याचं चुकीचं नाही. मी इथे बसून आठवणी काढणार, कर आणि कटकटी तो सोसणार. मी त्याला हाजींचं सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "धाव आणि थारोळं अजून आहे तसं आहे. आजोबांनी दगडावर कोरलेली तारीखपण दिसते." शेवटी असं ठरलं की गोठ्याची जागा गाळ्यांना जाईल, विहीर राहील, आणि तिचा गाळ काढायच्या खर्चातला माझा वाटा मी देईन. गोठा गेला याचं वाईट वाटलं. पण तो पाडायच्या आधी भाच्याने त्याची मापं घेतली, फोटो काढले, आणि आमच्या काकूंकडून प्रत्येक भागाचं नाव विचारून लिहून घेतलं. गव्हाण, दावण, खुंटा, कडब्याचा माळा. काकूंनी न विचारता आणखी अकरा शब्द सांगितले.

म्हणून मंडळी, या दिवाळीत किंवा पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर एवढंच करा. बळद असेल तर त्याचं तोंड कुठे आहे ते बघा. पेव, कणगी, खळं, खळ्यातला तिवडा, मोटेची विहीर, जे काही उरलं असेल त्याची लांबी-रुंदी मोजा, फोटो काढा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला त्याच्या भागांची नावं विचारा. मुलांना बरोबर न्या. ते मोबाइलवर रेकॉर्डिंग करतील, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं येतं. हे काम परदेशात राहणाऱ्यांनी करायला एक कारण आहे. रोज बघणाऱ्याला ती वस्तू दिसेनाशी झालेली असते. वर्षातून एकदा जाणाऱ्याला दिसते.

आणि इथे बहरीनमध्ये थंडीत एखाद्या शुक्रवारी कलातला जा. किल्ल्यावर फोटो सगळेच काढतात. तुम्ही मदबसा कुठे आहे ते विचारा आणि त्या पन्हळींपाशी थोडा वेळ थांबा. मुलांनी "हे काय आहे?" विचारलं तर सांगा, की ही खजुराची काकवी काढायची खोली, आणि तिच्यासाठी पाणी उपसणारा बैल आपल्या बैलासारखाच उतारावरून चालायचा.

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा!